जुन्या सिस्टीमच्या बाजूचा माणूस

"नवी सिस्टीम टाकू का जुनीच राहू दे?" असं दुकानाच्या पायरीवर उभं राहून रोज कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याची गाडी चालूच असते, त्यामुळे उत्तरही उभ्या उभ्या हवं असतं. मी म्हणतो, "टाका." तो विचारतो, "फास्ट हाय का?" मी म्हणतो, "हाय की." मग तो जातो. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात इतकं सोपं उत्तर दुसरं नाही, आणि नेमकं तेच द्यायचं हल्ली माझ्या जिवावर येतं.

सिस्टीम म्हणजे मशीन चालू केल्यावर पडद्यावर जी उगवते आणि बाकी सगळ्या प्रोग्रामना कामाला लावते ती. कंपनी दर काही वर्षांनी नवी काढते, जुनीचे दिवस भरतात, आणि लोक आमच्याकडे धावतात. पूर्वी हा प्रश्न असा पायरीवर सुटत नव्हता. नवी चांगली की जुनी, याची आमच्या दुकानात रीतसर कुस्ती लागायची.

आमच्या म्हणजे दोघांच्या. शाहूपुरीतल्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाला लागून आमचं दुकान. माझा भागीदार गडहिंग्लजकडचा, लिंगायत घरातला, माझ्याहून थोडा मोठा. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि मशीन फारच अडून बसलं तर दोन्ही भाषांतून एकदम. हार्डवेअरच्या क्लासला आम्ही एका बाकावर बसत होतो, तिथून जे चिकटलो ते दुकानापर्यंत. मी त्याला अण्णा म्हणायचो आणि तो मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. पुढे सगळी गल्लीच त्याला अण्णा म्हणायला लागली, मला मात्र तम्मा म्हणणारा तो एकटाच.

कुस्तीची तयारी मी करायचो. एकसारखी दोन मशीन शेजारी शेजारी मांडायची. रॅम तेवढीच, डिस्क तीच, धूळसुद्धा ब्लोअरने दोन्हींची सारखीच काढलेली. एकावर जुनी सिस्टीम, एकावर नवी. नवीच्या बाजूने मी आणि जुनीच्या बाजूने अण्णा. हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिल्या वेळी जसे बसलो तसेच पुढे बसत गेलो, आणि मग आपापली बाजू सोडायची आम्हाला लाज वाटायला लागली.

मी घड्याळ घेऊन बसायचो. मशीन चालू व्हायला किती वेळ, लग्नाचा जाडजूड अल्बम उघडायला किती, एकच फोल्डर इकडून तिकडे टाकायला किती, आणि सगळं एकदम उघडलं की आधी कोण गुडघे टेकतंय. बहुतेक वेळा नवी पुढे असायची. कधी कधी ती रॅम जास्त खायची, पहिले काही दिवस अडखळायची, ते मी हळू आवाजात सांगायचो. अण्णा हाताची घडी घालून उभा असायचा. माझं मोजून झालं की म्हणायचा, "घड्याळ लावून पळणाऱ्याचं माप निघतंय, तम्मा. हितं पळायचं हाय व्हय? काम करायचं हाय."

त्याचं माप वेगळं होतं. तो दुकानात आलेलं एखादं गिऱ्हाईक धरायचा, त्याला त्याचं रोजचं काम दोन्ही मशीनवर करायला लावायचा, आणि त्याच्या तोंडून शिव्या किती येतात ते बघायचा. कोल्हापुरात हे माप अगदी पक्कं आहे. आमच्याकडे माणूस आनंदानेही शिवी देतो, पण कामात अडला की जी देतो ती वेगळी असते, आणि कानाला फरक लगेच कळतो. अशा प्रत्येक शिवीला अण्णा काउंटरवर चहाचा एक रिकामा ग्लास पालथा घालायचा.

एकदा इचलकरंजीचे एक यंत्रमागवाले काका प्रिंटर दाखवायला आले आणि सापडले. अण्णाने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. "पावणं, बसा की जरा. सुताची बिलं करताय न्हवं? हितं करून दावा." आधी नवीवर बसवलं. मशीन क्षणात उभं राहिलं आणि मी घड्याळ वर करून सगळ्यांना दाखवलं. काका मात्र पडद्याकडे बघत बसले. मग बोट उचललं, मग ठेवलं. "च्या आयला, बटन कुठं नेऊन ठिवलं हेनी?" अण्णाने ग्लास पालथा घातला. थोड्या वेळाने दुसरा. बिल पुरं होईतो काउंटरवर ग्लासांची रांग लागली आणि चहावाला आपले ग्लास मागायला आला. मग काकांना जुनीवर बसवलं. ती कण्हत कुंथत उठली. पण उठल्यावर काका पडद्याकडे न बघताच बिल करायला लागले, आणि बिल करता करता आम्हाला धाकट्या लेकीच्या सोयरिकीची सगळी हकिकत सांगून मोकळे झाले. ग्लास एकही नाही.

"बघ," अण्णा म्हणाला. "हात बसलाय. ही खरी स्पीड."

"नवीवर पण बसंल की महिन्याभरात," मी म्हणालो.

"मग महिन्यानं मोज. आज कशाला घड्याळ घिऊन नाचतंस?"

काका निघून गेले तरी आम्ही भांडतच होतो. झेरॉक्सवाल्या ताईंनी मधे पडून कुस्ती बरोबरीत सोडवली, कारण त्यांना गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. मग आम्ही मिसळ खायला गेलो आणि तिथे पुन्हा सुरू झालो. मला अजूनही वाटतं की मीच बरोबर होतो. आज ते काका नवीवर बिलं करतात आणि जुनी कशी दिसायची हेही त्यांना आठवत नसेल. पण हे आता कुणाला ऐकवणार?

अण्णाचा दुसरा हट्ट खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जो तो आपली हत्यारं पुजतो. आमची हत्यारं म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, सोल्डरिंगची बंदूक, ब्लोअर, आणि ती दोन मशीन. सकाळी सगळं पुसून पाटावर मांडायचं. मी हळदीकुंकू लावायचो, अण्णा विभूतीची तीन बोटं ओढायचा, त्यामुळे आमच्या मशीनच्या कॅबिनेटवर दोन्ही घरांचे देव खूश असायचे. झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा, आणि मग अण्णा भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढायचा. त्या दिवशी पुन्हा वर नाही. "वरीसभर राबतंय त्ये," म्हणायचा. "आज त्याला हात लावायचा न्हाय." एका वर्षी एक जण परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख म्हणून घाम पुसत आला. अण्णाने त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि त्याला पलीकडच्या गल्लीतल्या कॅफेत स्वतः नेऊन सोडलं, पण मेन वर केला नाही. मी चरफडलो. मला हे सगळं थोडं अतीच वाटायचं, आणि मी तसं तोंडावर म्हणायचोसुद्धा.

मग त्याचा थोरला भाऊ अचानक गेला. घरी अव्वा, म्हणजे त्याची आई, एकटी, आणि रानात ऊस उभा. अण्णा माती देऊन आला, दुकानात बसला. बंद पडलेल्या इन्व्हर्टरच्या वरच्या खिळ्याला त्याची रेक्झिनची पिशवी अडकवलेली असायची, ती त्याने संध्याकाळी काढली आणि म्हणाला, "एक हंगाम बघतो आन येतो."

मी म्हणालो, "ये."

त्याच्या आधीच आम्ही कुस्तीसाठी नवी जोडी घेतली होती. एक मशीन त्याचं, एक माझं. माझ्या मशीनवर पुढे नवी सिस्टीम आली तशी मी टाकली. त्याच्यावर जुनीच राहिली, कारण जुनीच्या बाजूचा माणूस गावाला गेला होता आणि तो परत आल्यावर कुस्ती लागायची होती. खिळाही तसाच राहिला. एकदा मी पावसात आल्यावर त्यावर छत्री अडकवली, मग काढून दाराशी ठेवली.

एका हंगामाचे किती हंगाम झाले ते मी मोजायचं सोडून दिलं.

पहिली वर्षं फोन रोज व्हायचा. कारण जुनी सिस्टीम रोज बिघडायची. देवाने तिला त्याचसाठी घडवलं होतं. कुठे पडदा निळा पडायचा, कुठे प्रिंटर ओळख दाखवायचा नाही, कुठे मशीन स्वतःच बंद होऊन स्वतःच उठायचं. जुनीच्या आजारांत अण्णाचा हात धरणारा कुणी नव्हता. मी फोन लावायचो, तो रानात मोटारीपाशी उभा असायचा, मागे पाण्याचा आवाज, आणि तो तिथून सांगायचा, "आधी रॅम काढ, खोडरबरानं घास, परत बसव." मशीन उठायचं. मग अव्वाचे गुडघे, माझ्या पोरांच्या परीक्षा, कारखान्याची ऊसतोड, असं बोलणं लांबत जायचं. कधी कधी काहीच बिघडलेलं नसायचं. मी एखादा बिघाड मनानेच तयार करायचो आणि फोन लावायचो. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "असला फॉल्ट मी तर कधी बघितला न्हाय, तम्मा. बरं, बाकी काय?"

नवी सिस्टीम सगळीकडे पसरत गेली तसे हे फोन कमी होत गेले. नवी बिघडत नाही असं नाही, पण बिघडली तर आपली आपणच निस्तरते. वाटेत कुठे अडली तर मागे जाते, चुकलेलं पुसते, पुन्हा उभी राहते. प्रिंटर तिचा तीच शोधते. मी जुनी आणि नवी यांची तुलना करताना वेग मोजला, रॅम मोजली, सगळं मोजलं. पण ज्या सिस्टीमला कुणाची मदत लागत नाही तिच्यामुळे दोन माणसं बोलायची थांबतात, हे माझ्या घड्याळात कुठे दिसणार होतं? बिघाडच नाही तर फोन कशाला करायचा? गड्यागड्यांनी नुसतं "आठवण आली" म्हणून फोन करायची आमच्याकडे रीत नाही. त्याला कारण लागतं, आणि माझ्याकडची कारणं संपली.

खंडेनवमीला मात्र तो यायचा. पहाटेची एसटी धरून, रेक्झिनच्या पिशवीत स्वतःच्या बांधावरचा झेंडू घेऊन. माळ तोच ओवायचा, मेन तोच खाली करायचा, दुपारच्या गाडीने परत जायचा. मग एका वर्षी अव्वाला दवाखान्यात ठेवलं होतं म्हणून आला नाही. पुढच्या वर्षी उसाची लावण होती. त्याच्या पुढे मी विचारलं तेव्हा "बघतो" म्हणाला. बघतो म्हणजे नाही, हे कोल्हापुरात शाळेत न जाता कळतं.

यंदा जुनीचे दिवस भरले. कंपनीने जाहीर केलं की आता तिचा सपोर्ट बंद. लोक घाबरून यायला लागले, त्यांना वाटलं त्या तारखेला मशीन चालूच होणार नाही. मी प्रत्येकाला समजावून सांगत होतो की सपोर्ट संपला म्हणजे मशीन मरत नाही. ते चालतंच. फक्त कंपनी त्याची विचारपूस करत नाही, काही दुखलं खुपलं तर औषध पाठवत नाही. एकदा हे सांगता सांगता माझा आवाज असा काही झाला की समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "असू दे, असू दे, मी टाकतो नवी."

सगळ्यांच्या मशीनवर मी नवी टाकली. गल्लीत एकच जुनं उरलं, माझ्याच दुकानातलं, अण्णाचं. त्याच्यावर मी अधूनमधून एकट्यानेच कुस्ती लावायचो. इकडे घड्याळ, तिकडे घड्याळ. नवी जिंकायची आणि पलीकडे हाताची घडी घालून कुणीच उभं नसायचं. एकदा नवीवर मलाच एक सेटिंग सापडेना, तोंडातून शिवी गेली, आणि माझा हात आपोआप ग्लास शोधायला लागला. शेजारच्या ताईंनी आत डोकावून विचारलं, "कुणाला बोलताय?" मी म्हणालो, "कुणाला न्हाई."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी फोन केला. यंदा खोटा बिघाडसुद्धा केला नाही, सरळच विचारलं. "उद्या येणार काय?"

"बघतो, तम्मा," तो म्हणाला. "पाण्याची पाळी हाय. न्हाई धरली तर वाळतंय सगळं."

"बघ," मी म्हणालो आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला, पण हल्लीचे फोन आपटल्याचं समोरच्याला कळत नाही. मला राग आला होता. ज्याच्यासाठी मी मशीन इतकी वर्षं जुनं ठेवलं, त्याला पाण्याची पाळी जास्त. बरोबरच होतं त्याचं, ऊस वाळला तर खायचं काय? पण राग बरोबर चूक बघून येत नाही. मी ठरवून टाकलं, उद्या त्याच्या मशीनवर नवी टाकायची. संपला विषय.

सकाळी लवकर दुकान उघडलं. त्याचं मशीन चालू केलं, त्यातलं सगळं एका डिस्कवर काढून ठेवलं आणि नवी चढवायला लावली. हे काम निवांत चालतं. मशीन आपलं आपण बंद होतं, उठतं, पुन्हा बंद होतं, आणि पडद्यावर सारखं सांगत राहतं की कृपा करून मला मधेच बंद करू नका. तेवढ्यात बायको पूजेचं ताट घेऊन आली. तिने पाट मांडला आणि विचारलं, "सगळं बंद केलंय न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो आणि हळूच पडद्याचं बटण दाबून तो काळा केला. कॅबिनेट आतून घुमत होतं. ताटातली झेंडूची माळ मी त्याच्या दिव्यावर येईल अशी घातली. बायकोने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि घरी गेली. मी मेन खाली केला नाही. तो करणारा मी नव्हतोच कधी.

नारळ आणायचा राहिला होता. ताईंना दुकानाकडे लक्ष द्यायला सांगून मी बाजाराकडे गेलो. गर्दी होती, ऊस, झेंडू, आपट्याच्या फांद्यांचे ढीग. यायला वेळ लागला.

परत आलो तर दुकान अंधारात. पंखा थांबलेला. कॅबिनेटचा आवाज नाही, दिवा नाही. आधी वाटलं लाइट गेली, पण ताईंचं झेरॉक्स चालू होतं. मी आत जाऊन बघितलं. भिंतीवरचा मेन खाली होता. आणि अण्णाच्या कॅबिनेटवर, बायकोच्या कुंकवाच्या वरच्या अंगाला, विभूतीची तीन बोटं ओढलेली होती.

मी नारळ धरून तसाच उभा राहिलो.

ताई दारात आल्या. "अण्णा आलतं की तुमचं. म्हणालं, ह्यो गडी मशीन चालू ठिवून कुठं उंडारतोय? मेन वढला त्येनी. मग तुमचा बॅटरीचा यूपीएस वरडाय लागला, म्हणून त्योबी बंद केला. च्या सांगायला गेल्यात."

म्हणजे पडदा काळा होता, त्यावरची विनवणी त्याला दिसलीच नव्हती. माझ्या चोरीचं फळ. अपग्रेड अर्ध्यात मेलं होतं. जुनी पुरती गेलेली नाही आणि नवी पुरती आलेली नाही, अशा अवस्थेत मशीन मेलं तर कधी उठतं, कधी नाही.

अण्णा दोन ग्लास घेऊन आला. केस पांढरे झाले होते, उन्हाने काळवंडला होता, खांद्याला तीच पिशवी. "खंडेनवमीला मशीन चालू ठिवतंस व्हय रे, तम्मा? मी न्हाई म्हटल्यावर एवढं मोकाट सुटलास?"

"अण्णा, सिस्टीम चढत होती त्यावर."

त्याने ग्लास खाली ठेवले. "कुणाच्या?"

"तुझ्या."

तो मशीनकडे बघत राहिला. "माझ्या मशीनवर नवी घालत हुतास?"

"सपोर्ट संपतोय."

"ठावं हाय मला. हंगाम केला म्हणून सगळं इसरलो न्हाई." मग जरा थांबून, "मला इचारलं न्हाईस."

"तू बघतो म्हणालास."

"बघतो म्हणालो, आन आलो की," अण्णा म्हणाला. "पाणी शेजाऱ्याला सांगून आलो."

मी नारळ पाटावर ठेवला. त्याने चहाचा ग्लास माझ्या हातात दिला आणि दुसऱ्या हाताने माझी पाठ थोपटली, जरा जोरातच, चहा सांडेल एवढी.

"उठंल का?" त्याने विचारलं.

"काय सांगावं. बघू लावून." मी मेनकडे हात नेला.

"हात लावू नगंस!" तो ओरडला. ताई पुन्हा डोकावल्या. "आज न्हाई. उद्या दसऱ्याला पूजा हलवायची, मग लावायचं."

"उद्या तू कुठं असणार? दुपारच्या गाडीनं जाणार न्हवं?"

अण्णाने मशीनकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, बाहेर रस्त्याकडे बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि घरी लावला. कन्नडमध्ये बोलला, पण इतक्या वर्षांत तेवढं कन्नड मला येतं. तो अव्वाला सांगत होता, आज येत नाही. मशीन बिघडलंय. मी नसलो तर हे कुणाला उठवता येणार नाही.

फोन ठेवून त्याने खांद्यावरची पिशवी काढली आणि न बघता इन्व्हर्टरच्या वरच्या खिळ्याला अडकवली. हात बसलेला होता.

त्या दिवशी आम्ही दुकानात नुसते बसून राहिलो. काही दुरुस्त केलं नाही, काही मोजलं नाही. संध्याकाळी घरी बायकोने त्याला आवडतो म्हणून खपली गव्हाची खीर केली, आणि मशीन चालू ठेवल्याबद्दल मला दोघांनी मिळून झापलं. मी इतक्या खुशीत कधी झापून घेतलेलं नाही.

दसऱ्याला सकाळी पूजा हलवली, अण्णाने मेन वर केला, यूपीएस लावला आणि बटण मला दाबायला लावलं. पडदा बराच वेळ काळा राहिला. मग ठिपके फिरायला लागले. मग ओळ उमटली, आधीसारखं करतोय म्हणून. आम्ही दोघं खुर्च्या ओढून बसलो. शेवटी जुनीचं ते ओळखीचं चित्र पडद्यावर आलं आणि त्यावर अण्णाचं नाव.

"उठलं!" अण्णा एवढ्याने ओरडला की समोरचा चहावाला धावत आला. "नवी चितपट! जुनीनं पाठ लावली नवीची!"

"मेन वढून कुस्ती जिंकत्यात व्हय?" मी म्हणालो. "आन तिला मागं आणली कुणी? नवीच्याच अकलेनं आली ती मागं."

"आली न्हवं? मग झालं."

दुपारपर्यंत आम्ही यावर भांडलो. मग मी त्याला स्टँडवर सोडायला गेलो. त्याने आपट्याचं पान माझ्या हातात दिलं, मी त्याला दिलं, गळाभेट झाली. गाडीच्या खिडकीतून म्हणाला, "त्याला हात लावू नगंस आता. ऊस तुटला की येतो. मग घालू नवी, दोघं बसून. घड्याळ तुझं, ग्लास माझं."

"ये," मी म्हणालो.

सपोर्टची तारीख येऊन गेली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं. सगळ्या गिऱ्हाइकांना मी बजावून सांगतो, जुनी ठेवू नका, धोका आहे. ताई मला टोमणे मारतात, "लोकास्नी सांगताय बरं, आन स्वतःचं बघा की." मी हसतो. अण्णाच्या मशीनची नेटची तार मी रात्री काढून ठेवतो, तेवढीच काळजी.

परवा फोन केला. कारण नव्हतं, तसाच केला. कारखान्याची ऊसतोडीची टोळी अजून त्याच्या बाजूला वळलेली नाही, म्हणाला. ऊस उभाच आहे.

रोज सकाळी मी दोन्ही मशीन चालू करतो. माझं लगेच उठतं. त्याचं सावकाश उठतं, आणि उठलं की पडद्यावर विचारतं, नवी सिस्टीम तयार आहे, आता टाकू का? खाली दोन बटणं असतात. मी खिळ्याकडे एकदा बघतो आणि "नंतर" दाबतो.